छोट्या गाडीत जादा मीटर स्वतः बसवताना
(तीन मीटरच्या संचासोबतचे माहितीपत्रक)

मारुती 800 च्या डॅशबोर्डवर स्पीड, पेट्रोल आणि तापमान एवढेच काटे असत. पुढच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाही गेला. निळा दिवा म्हणजे इंजिन थंड, लाल म्हणजे गरम. मे महिन्यात एसी लावून खंबाटकी चढताना लाल दिवा दिसला, तर हेड गॅस्केट (इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधले सील) वाचवायला फारसा वेळ उरलेला नसतो. ऑइलच्या दिव्याची गत आणखी वाईट. दाब साधारण अर्ध्या किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) खाली उतरल्यावरच तो पेटतो. बिघाड सुरू होणे आणि दिवा लागणे यांच्या मधला काळ दिसावा, यासाठी हे मीटर आहेत.

संचात व्होल्टमीटर, पाण्याच्या तापमानाचा मीटर आणि ऑइल प्रेशर मीटर असे तीन मीटर आहेत. तिन्ही 52 मिलिमीटर मापाचे, इलेक्ट्रिक. ॲमीटर आम्ही मुद्दाम देत नाही. ॲमीटर लावायचा तर चार्जिंगचा सगळा करंट डॅशबोर्डपर्यंत आणून परत न्यावा लागतो, आणि ती जाड वायर कुठे पत्र्याला घासली तर आगच लागायची. बॅटरीचे आरोग्य व्होल्टमीटर तितकेच चांगले सांगतो. नळीतून गरम ऑइल थेट मीटरपर्यंत आणणारे मेकॅनिकल प्रेशर मीटरही आमच्याकडे मिळणार नाहीत. नळी फुटली की ऑइल चालकाच्या पायावर येते.

एका बैठकीत तिन्ही बसवण्याचा अट्टहास नको. आधी व्होल्टमीटर बसवा, कारण त्यासाठी इंजिनाला हात लावावा लागत नाही आणि वायरिंगचा हात बसतो. मग तापमान, शेवटी ऑइल.

जागा

मीटरची पट्टी डॅशबोर्डच्या खाली, मधोमध बसते. डावा गुडघा आणि गिअरचा दांडा तिला लागत नाही ना, हे सीटवर बसून बघा. एअरबॅगची गाडी असेल तर एअरबॅगच्या झाकणावर किंवा त्याच्या समोर काहीही चिकटवू नका. 1 जुलै 2019 पासून तयार झालेल्या प्रत्येक नव्या कारमध्ये निदान चालकाची एअरबॅग आहेच. बोर्डाच्या आत पिवळे कनेक्टर किंवा पिवळ्या आवरणातल्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या समजा. तिथे ना मल्टीमीटर लावायचा, ना टॅप मारायचा.

वायरिंग

किल्ली काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. बहुतेक गाड्यांत 10 नंबरचा पाना लागतो. संचातल्या वायरी अशा: लाल म्हणजे इग्निशन, काळी म्हणजे अर्थिंग, पांढरी मीटरच्या लाइटची, हिरवी सेंडरची (सेंडर म्हणजे इंजिनाकडून मीटरला माप पाठवणारा सेन्सर).

लाल वायर किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या लाइनवर घ्या. ती लाइन शोधायची तर तेवढ्यापुरती बॅटरी जोडा आणि मल्टीमीटर वापरा. बल्बची टेस्टर-सुई नको, नव्या गाड्यांत तिने ईसीएमची (इंजिनाच्या कॉम्प्युटरची) लाइन बिघडू शकते. सोबत दिलेला 3 ॲम्पिअरचा फ्यूज जिथून करंट घेतला त्याच्या अगदी जवळ बसवा, मीटरजवळ नव्हे. फ्यूज वायरीसाठी असतो. मीटरच्या टोकाला लावला तर मधली सगळी वायर उघडीच राहिली.

पांढरी वायर पार्किंग लाइटच्या लाइनवर जोडा, म्हणजे रात्री दिवे लावल्यावर मीटरही उजळतील.

काळ्या वायरीबाबत चालढकल होते आणि निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. डॅशबोर्डच्या प्लास्टिकमध्ये घुसलेला स्क्रू म्हणजे अर्थिंग नव्हे. बॉडीच्या पत्र्यावरचा बोल्ट निवडा, त्याखालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा करा, वायरीच्या टोकाला लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) दाबून बसवा आणि मग आवळा. हेडलाइट लावल्याबरोबर तिन्ही काटे एकदम हलत असतील तर मीटर बदलून मागायला येऊ नका, आधी हा बोल्ट बघा.

इंजिनाकडे जाणाऱ्या हिरव्या वायरी फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) आधीच्या भोकातून, रबरी ग्रोमेटमधूनच न्या. नवे भोक पाडलेच तर कडा कानशीने मारून ग्रोमेट बसवा. सायलेन्सरचा मॅनिफोल्ड, स्टिअरिंगचा रॉड आणि पेडल यांच्यापासून वायर लांब ठेवा. सांधे सोल्डर करून वर श्रिंक स्लीव्ह चढवा. नुसती पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पहिल्या पावसाळ्यात हिरवा पडतो.

तापमानाचा सेंडर

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरचे झाकण उघडू नका. कंपनीचा सेन्सर काढून त्या जागी आमचा लावू नका, कारण नव्या गाड्यांत ईसीएम आणि फॅन त्याच्यावर चालतात. त्याऐवजी वरचा होज पाइप कापून मध्ये ॲल्युमिनियमचा अडॅप्टर बसवायचा आणि सेंडर त्यात लावायचा. दोन्ही बाजूंनी रबर असल्याने त्याला आपोआप अर्थिंग मिळत नाही. अडॅप्टरच्या छोट्या स्क्रूपासून बॉडीपर्यंत वेगळी काळी वायर न्या. ती विसरली तर काटा थंडवरून हलत नाही.

काम झाल्यावर कूलंट भरून इंजिन चालू ठेवा, हवा बाहेर निघू द्या, पातळी पुन्हा बघा. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो, त्यामुळे काटा तिथपर्यंत चढून किंचित खाली येतो आणि मग स्थिरावतो. ट्रॅफिकमध्ये 95 च्या आसपास जाऊन फॅन लागल्यावर उतरला तर घाबरायचे कारण नाही. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. सेंडर पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. पाइप फुटून सगळे पाणी वाहून गेले तर सेंडर कोरड्या हवेत राहतो आणि इंजिन भाजत असताना काटा खाली येऊ शकतो. चढावर काटा विनाकारण उतरला तरी गाडी बाजूला घ्या.

ऑइलचा सेंडर

इथे घाई करू नका. सुझुकीच्या इंजिनात ऑइलच्या दिव्याचा स्विच एक-अष्टमांश इंची बीएसपी (ब्रिटिश पाइप मापाच्या) टेपर, म्हणजे निमुळत्या, आट्यांवर बसतो, इंचाला 28 आटे. बाजारात खुले मिळणारे अनेक सेंडर अमेरिकी एनपीटी आट्यांचे, इंचाला 27. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात आणि पहिले दोन-तीन आटे हाताने जातातही. पुढे कडक लागले की माणूस समजतो, टेपर आहे म्हणून आवळतेय, आणि पाना लावतो. मग ब्लॉकमधले आटे जातात आणि शंभर रुपयांच्या कामासाठी मशीन शॉप गाठावे लागते. आमच्या संचातला सेंडर बीएसपीचा आहे. दुसरीकडून घेतलेला सेंडर असेल तर आधी थ्रेड गेज लावून बघा.

दिव्याचा स्विच काढून टाकू नका. टी (तीन तोंडांचा जोड) लावून दिवा आणि सेंडर दोन्ही ठेवा. पण टी थेट ब्लॉकवर नको. तीन सिलिंडरचे इंजिन स्लोवर थरथरते, आणि त्या बारीक आट्यांवर दोन जड सेंडर लोंबकळत ठेवले की पितळ मानेपाशी तडकते. म्हणून सोबत होज दिली आहे. तिचे एक टोक ब्लॉकला, दुसरे टीला, आणि टी क्लॅम्पने बॉडीला घट्ट. टेफ्लॉन टेप जपून, दोनच वेढे, पहिला आटा मोकळा सोडून. टेप जास्त झाली तर सेंडरचे अर्थिंग तुटते, आणि टेपचा तुकडा ऑइलच्या वाटेत गेला तर त्याहून वाईट.

गरम इंजिनाला स्लोवर एक किलोच्या आसपास आणि हजार आरपीएममागे साधारण पाऊण किलो दाब हा सर्वसाधारण हिशेब. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. आमच्या प्रेशर मीटरचा काटा एकदम शेवटाला जाऊन चिकटला तर हिरवी वायर निसटलेली आहे. शून्यावर पडून राहिला तर वायर कुठेतरी पत्र्याला लागली आहे. पण हा अंदाज लावण्याआधी इंजिन बंद करा आणि डिपस्टिकवर ऑइल बघा.

व्होल्टमीटर वाचताना

इंजिन बंद, किल्ली चालू: 12.2 ते 12.6. इंजिन चालू: 13.8 ते 14.5. स्टार्टर मारताना 9.5 च्या खाली जात असेल तर बॅटरी म्हातारी झाली. दिवे, वायपर, एसी सगळे चालू असताना 13 च्या खाली घसरत असेल तर बेल्ट आणि अल्टरनेटर दाखवून घ्या. 15 च्या वर राहिला तर रेग्युलेटर गेला, बॅटरी उकळायला लागेल. स्मार्ट चार्जिंगच्या (कॉम्प्युटर गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करतो अशा) नव्या गाड्यांत काटा मुद्दामच वर-खाली होतो, तिथे हे आकडे लावू नका.

आरपीएम मीटरही लोक मागतात. 800, आल्टो आणि के-10 ही तीन सिलिंडरची इंजिने, आणि बरेच मीटर चार, सहा, आठ सिलिंडरचेच. चारवर लावलेला मीटर तीन सिलिंडरच्या इंजिनाला 3000 च्या जागी 2250 दाखवतो. तीनचे सेटिंग नसेल तर पैसे वाया घालवू नका. ओबीडीचा (गाडीचे दोष तपासण्याचा) सॉकेट असलेल्या गाडीत तिथे लागणारा छोटा डिस्प्ले घ्या, एकही वायर न तोडता आरपीएम, तापमान आणि व्होल्टेज दिसते. वॉरंटीतल्या गाडीसाठी तर आम्ही तोच सुचवतो. फक्त ऑइलचा दाब त्यावर सहसा मिळत नाही.

अडॅप्टर न्यायला येताना गाडीचे मॉडेल, साल आणि वरच्या होज पाइपचा बाहेरचा व्यास लिहून आणा. व्हर्निअर नसेल तर पाइपभोवती दोरा गुंडाळून तेवढाच कापून आणा, माप इथे काढून देऊ.