घरगुती एसीची हंगामी सर्व्हिसिंग (मुंबई)

घरातल्या एसीची वर्षातून साधारण दोनदा होणारी धुलाई आणि तपासणी. मुंबईत हिला नुसतं 'सर्व्हिसिंग' म्हणतात, पाण्याने केली तर 'वेट', ब्रश-ब्लोअरने केली तर 'ड्राय', आणि प्रेशरच्या पंपाने कॉइल (हवा थंड करणारी पाईपांची गुंडाळी) धुतली तर 'जेट'. पहिली खेप होळीच्या आधी उरकलेली बरी, कारण मार्च तापला की मेकॅनिक हाताला लागत नाही. दुसरी दसऱ्याच्या सुमारास, ऑक्टोबर हीटच्या तोंडावर.

यंत्राचा इतिहास इथे थोडक्यात. विलिस कॅरियरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली ती मुळात दमटपणा आवरायला होती, कागद फुगायचा आणि रंग एकावर एक नीट बसायचे नाहीत म्हणून. 'पहिला एसी' हा मान बहुतेक ठिकाणी तिलाच दिलाय, पण न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराची थंडाव्याची यंत्रणाही जवळपास त्याच काळातली, त्यामुळे 'पहिला' हा शब्द जरा जपूनच वापरावा. 'एअर कंडिशनिंग' हे नाव तर कॅरियरचं नाहीच, ते १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमरने कापडगिरण्यांच्या संदर्भात वापरलं. मुंबईत कुलाब्याचं रीगल (१९३३) हे देशातलं पहिलं एसी थिएटर असं सांगतात. आणि दीड टन हे वजन नव्हे, बर्फाचा हिशोब आहे: एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढतो तेवढी ओढायची ताकद, म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक).

फिल्टर घरच्यांनीच सीझनमध्ये दर पंधरवड्याला नळाखाली धरायचा. मेकॅनिकचं काम त्याच्या मागचं, कूलिंग कॉइल, ब्लोअर, पाण्याचा ट्रे आणि ड्रेन पाईप. मुंबईच्या दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो, ते पाणी धूळ घेऊन ट्रेमध्ये बसतं, तिथे बुळबुळीत शेवाळासारखा थर धरतो आणि पाईप तुंबला की पाणी भिंतीवरून पलंगावर. ब्लोअरची पाती एकदा उघडून टॉर्चने बघाच, प्रत्येक पात्यावर काळ्या बुरशीची किनार दिसते, कुबट वास येतो तो तिथूनच. त्यावर उपाय एवढाच की पावसाळ्यात एसी बंद करायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं नुसता फॅन मोडवर चालवायचा म्हणजे कॉइल सुकते.

गॅस आणि गळती. सर्वात जास्त गैरसमज इथे आहे. 'दरवर्षी थोडा गॅस भरावा लागतो' हे चूक आहे, एसीतला गॅस, म्हणजे थंडावा आणणारं रसायन, पेट्रोलसारखा संपत नाही, बंद पाईपात फिरत राहतो, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. आमच्याकडे दोन वर्षं ओळीने टॉप-अप झाला, तिसऱ्या वर्षी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने आऊटडोअरच्या (घराबाहेर बसवलेल्या युनिटच्या) फ्लेअर नटावर, म्हणजे पाईप जोडणाऱ्या नटावर, साबणाचा फेस लावला आणि मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येताना दाखवले, नट नीट बसवल्यावर आजतागायत गॅस लागलेला नाही. कॉइलवर बर्फ धरला तरी लगेच गॅस कमी म्हणू नये, तुंबलेल्या फिल्टरनेही बर्फ धरतो, म्हणून आधी धुवायचं आणि मगच गेज (गॅसचा दाब मोजायचं मीटर) लावायचा. गॅस भरायचाच तर आधी लीक बुजवून, नायट्रोजनने टेस्ट करून, व्हॅक्यूम पंप लावून, आणि वजनकाट्यावर, आऊटडोअरच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच. नवीन मशीनमधला आर-३२ गॅस थोडाफार पेट घेणारा आहे, तो पाईपात असताना गॅसची बत्ती लावून डाग देणं धोक्याचं. जुन्या मशीनमधला आर-२२ गॅस मॉन्ट्रियल करारानुसार (१९८७) ओझोनसाठी घातक म्हणून बाद होत चाललाय.

कॉइल फुटतेच का, यावर मात्र एकमत नाही. लाइनीतले बहुतेक लोक खाऱ्या वाऱ्याला दोष देतात. हे वरळी-वर्सोव्याच्या आऊटडोअरच्या बाबतीत पटतं, तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या बोट लावताच पांढऱ्या भुकटीसारख्या गळतात. पण तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र असले की आधी अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि तांबं वाचतं, तेव्हा बंद खोलीतल्या इनडोअर कॉइलचं तांबं दोन-तीन वर्षांत का सच्छिद्र होतं हे मिठाने नीट उलगडत नाही. दुसरं मत गटाराच्या वायूचं, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडचं: खाडी किंवा नाल्याजवळच्या घरात पाईप काळे पडतात, आणि देवघरातलं चांदीचं निरांजन घासून चार दिवस होत नाहीत तोच काळवंडत असेल तर तीच हवा कॉइललाही लागतेय असं समजावं. तिसरं मत 'फॉर्मिकरी' गंजाचं. प्लायवूड, रंग, पॉलिश यांतून सुटणारी फॉर्मिक-अ‍ॅसिटिकसारखी आम्लं कॉइलवरच्या ओलाव्यात मिसळतात आणि तांब्यात डोळ्यांना न दिसणारे बोगदे पाडतात, सूक्ष्मदर्शकाखाली ते मुंग्यांच्या वारुळासारखे दिसतात म्हणून हे नाव (योगायोग असा की फॉर्मिक आम्ल मुळात मुंग्यांपासूनच मिळालं होतं). नुकतंच इंटिरिअर केलेल्या फ्लॅटमध्ये, समुद्रापासून लांब ठाण्याच्या बाजूलाही, इनडोअर लीक होतात त्याला हे तिसरं मत जास्त लागू पडतं असं वाटतं, खाडीकाठी मात्र दुसरंही त्यात मिसळलेलं असणार.

आऊटडोअरचं काम बरंचसं कबुतरांचं: घरटी, काड्या, विष्ठा, म्हणून जाळी हवी, पण पंख्यासमोर ती दाट नको नाहीतर गरम हवा तिथेच घुटमळते. पावसाने मीठ आपोआप धुतलं जातं, नोव्हेंबर ते मे मात्र महिन्याकाठी साध्या पाण्याचा हलका फवारा मारावा, तोही मेन स्विच बंद करून. छज्जावर उतरणाऱ्या पोराला सेफ्टी बेल्ट आहे का ते आधी बघायचं, नसेल तर काम थांबवायचं. ड्रेनचा पाईप खालच्या मजल्याच्या खिडकीवर सोडू नये, सोसायटीच्या पाण्याचा निचरा करणाऱ्या लाइनीत जोडून घ्यावा.