डिझेल पिकअपवर कॉम्प्रेसर: हवेसोबत येणारी उष्णता, तेल आणि पाणी

एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये इंजिनावरच एक छोटा कॉम्प्रेसर बसवलेला असतो. डिझेल पिकअपच्या इंजिनावर सापडतं ते नेमकं उलटं यंत्र, व्हॅक्यूम पंप. डिझेलच्या हवेच्या वाटेत पेट्रोल इंजिनासारखा थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) पूर्वापार नव्हता, त्यामुळे ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला लागणारा निर्वात आपोआप मिळत नाही, तो मुद्दाम तयार करावा लागतो. म्हणजे पिकअप हवा ओढते, दाबत नाही. टायर भरायला किंवा हवेवरचा पाना चालवायला कॉम्प्रेसर वेगळा जोडावा लागतो.

‘टर्बो हवा दाबतोच की, तिथूनच नळी काढू’ असं कुणीतरी हमखास म्हणतं. टर्बोचा दाब भार आल्यावर १ ते २ बारपर्यंत जातो, आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं सुरू असताना, जवळजवळ शून्य. आणि टायर तर उभ्या गाडीचेच भरायचे असतात.

अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या ऑफरोडवाल्यांनी यावर जुगाड काढला: एसीचा कॉम्प्रेसर. पुली आणि पुलीशी हवं तेव्हा जोडणारा-सोडणारा मॅग्नेटिक क्लच त्याला आयतेच असतात. सँडेन ५०८ नावाचा एसी कॉम्प्रेसर एका फेऱ्यात १३८ घनसेंटिमीटर हवा ओढतो. मिनिटाला २००० फेरे धरले तर २७६ लिटर, म्हणजे कागदावर जवळपास १० सीएफएम (मिनिटाला घनफूट), प्रत्यक्षात कमी. वाळूत चालवण्यासाठी १८ पीएसआयवर उतरवलेला ६० लिटरचा टायर पुन्हा ३५ वर न्यायला सुमारे ७० लिटर हवा लागते. हिशेब करा, चारही टायर दोनेक मिनिटांत होतात. १० सीएफएम हवा ७ बारला दाबायला साधारण अडीच हॉर्सपॉवर लागते, इंजिनाला ती जाणवतही नाही. बॅटरीवरचा ३० अँपिअरचा पंप जेमतेम अर्धी हॉर्सपॉवर खातो, त्याची धावही तेवढीच. मात्र विहिरीच्या खडकात सुरुंगाची भोकं पाडणाऱ्या आपल्याकडच्या ट्रॅक्टर-कॉम्प्रेसरची बरोबरी यातून होईल, अशी आशा नको. ते काम कितीतरी जास्त हवेचं.

खरी डोकेदुखी बेल्ट-ब्रॅकेटची नाहीच. सायकलचा पंप मारताना त्याचं बूड तापतं, तेच इथे कैकपटींनी होतं. ३० अंशांची हवा एका दमात आठपट दाबापर्यंत नेली आणि उष्णता बाहेर पडू दिली नाही, तर गणिताने तापमान २७५ अंशांच्या आसपास जातं. प्रत्यक्षात काही उष्णता भिंतींतून निसटते, तरी कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा साध्या रबरी नळीला झेपत नाही. तिथे स्टीलच्या जाळीची टेफ्लॉन नळी किंवा तांब्याची नळीच हवी.

दुसरा घोळ तेलाचा. एसीमध्ये गॅस तेल वाहून नेतो आणि फिरून परत आणतो. हवा मात्र नेलेलं तेल परत आणत नाही. सँडेनला म्हणून आत येणाऱ्या हवेत थेंबथेंब तेल सोडावं लागतं आणि बाहेरच्या बाजूला ते गाळून काढावं लागतं. जुन्या यॉर्क या एसी कॉम्प्रेसरला स्वतःची तेलाची टाकी असते. तो जड, थरथरणारा, पण मला विचाराल तर या कामाला तोच बरा. तापलेल्या नळीत तेलाचा कार्बन साचत गेला तर तो पेटूही शकतो, एवढं लक्षात असू द्या.

राहिलं पाणी. ३० अंशांची एक घनमीटर हवा फार तर ३० ग्रॅम वाफ धरते. कोकणातल्या पावसाळ्यातली आठ घनमीटर दमट हवा एका घनमीटरात कोंबून गार केली, तर दीडशे ग्रॅमच्या आसपास पाणी दाबलेली हवा साठवणाऱ्या टाकीच्या तळाशी साचतं. म्हणून निचऱ्याचा कॉक टाकीच्या सगळ्यात खालच्या बिंदूला लावायचा आणि नेमाने उघडायचा, नाहीतर टाकी आतून गंजते.

दाब १२० पीएसआयला पोचला की प्रेशर स्विच क्लच सोडतो, ९० ला पुन्हा धरतो. स्विचचे पॉइंट चिकटले तर? बॅटरीचा पंप निदान फ्यूज उडवून थांबेल. इंजिन थांबत नाही, टाकी फुटेपर्यंत दाबत राहील इतकं बळ त्याच्यात असतं. त्यामुळे टाकीवर यांत्रिक सेफ्टी व्हॉल्व्ह लागतोच, आणि टाकी व व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कुठलाही कॉक बसवायचा नसतो.