ओर्स्टेड ते फॅरेडे : मधली अकरा वर्षं कुठे गेली?

दहावीच्या सायन्सला ‘विद्युतधारेचे परिणाम’ नावाचा धडा आहे. त्यात ओर्स्टेडची सुई येते, मग उजव्या हाताचा अंगठा, मग मोटर आणि चार पानं उलटली की फॅरेडेचं प्रवर्तन, म्हणजे चुंबकाच्या मदतीने तारेत वीज तयार करणं. पोरांना वाटतं एकाने सकाळी शोध लावला आणि दुसऱ्याने संध्याकाळी. प्रत्यक्षात मधे अकरा वर्षं गेलीत, १८२० ते १८३१, आणि त्या काळात युरोपातली एक से एक हुशार माणसं याच गोष्टीच्या मागे होती आणि सगळ्यांच्या हातून ती निसटत होती. माझं सरळ म्हणणं आहे, ती का निसटली हे एकदा समजलं की प्रवर्तनाचा नियम घोकायची गरज उरत नाही.

थोडं आधीपासून बघू. अठराव्या शतकात वीज म्हणजे काय तर काच वगैरे घासून तयार करायची, लेडन जार नावाच्या काचेच्या बरणीत साठवायची आणि एका ठिणगीत सगळी खल्लास. वाहत राहणारी धारा कोणाकडे नव्हतीच. १८०० मध्ये इटलीत व्होल्टाने जस्ताची चकती, चांदीची चकती, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, परत जस्त, परत चांदी अशी चळत रचली आणि पहिल्यांदाच न थांबता वाहणारी वीज मिळाली. ही न थांबणारी वीज लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ तिनेच घातलाय.

१८२० च्या एप्रिलमध्ये कोपनहेगनला लेक्चर चालू असताना प्राध्यापक ओर्स्टेडने बॅटरीला जोडलेली तार होकायंत्राजवळ आणली आणि सुई हलली. हलली म्हणजे जेमतेम, समोर बसलेल्यांना काही विशेष वाटलं नाही. त्याने जुलैमध्ये मोठी बॅटरी घेऊन परत सगळं तपासलं आणि २१ जुलैला लॅटिनमध्ये चारच पानांचा निबंध काढला. सुई तारेकडे ओढली जात नव्हती, तारेपासून लांबही जात नव्हती, ती तारेला आडवी व्हायला बघत होती. तार सुईच्या वर धरली तर एका बाजूला वळायची, खाली धरली तर उलट बाजूला. तोपर्यंत माहीत असलेली बलं, गुरुत्वाकर्षण घ्या नाहीतर दोन विद्युतभारांमधलं कुलोंबचं बल घ्या, दोन वस्तूंना जोडणाऱ्या सरळ रेषेत काम करायची, आणि हे प्रकरण तारेभोवती गोल फिरत होतं. उजव्या हाताचा अंगठा धारेच्या दिशेने धरून बोटं तारेभोवती वळवतो ना आपण, ते याच्यासाठी.

बातमी पॅरिसला पोचली, ११ सप्टेंबरला अरागो या शास्त्रज्ञाने तिथल्या विज्ञान अकॅडमीत प्रयोग करून दाखवला आणि अँपिअरने तर कमाल केली, १८ सप्टेंबरला, म्हणजे आठवड्याभरात, तो स्वतःचं काम घेऊन उभा! एकाच दिशेने धारा वाहणाऱ्या दोन समांतर तारा एकमेकींना ओढतात, उलट दिशेने वाहिली तर ढकलतात, चुंबक कुठेच नको, हे त्याने त्याच महिन्यात मांडलं.

आता विजेपासून चुंबकत्व मिळतं म्हटल्यावर चुंबकापासून वीज मिळायला हवी, हे कोणालाही सुचेल, आणि सुचलंच. फक्त सगळ्यांनी धरून चाललेलं असं की बॅटरी जोडून ठेवली की धारा वाहतच राहते, तसा चुंबक कॉइलजवळ (तारेच्या वेटोळ्याजवळ) ठेवून दिला की धारा वाहतच राहील. जिनिव्हाच्या कोलाडॉनचं उदाहरण तर फारच चुटपुट लावणारं आहे. १८२५ मध्ये त्याने कॉइल घेतली, भलामोठा चुंबक घेतला, आणि चुंबकामुळे गॅल्व्हानोमीटरची, म्हणजे धारा दाखवणाऱ्या मीटरची, सुई उगाच हलू नये म्हणून लांब तारा जोडून मीटर बाजूच्या खोलीत ठेवला. काळजी अगदी शास्त्रशुद्ध. मग हा गडी चुंबक कॉइलमध्ये घालायचा, उठून बाजूच्या खोलीत जायचा, बघतो तर सुई शून्यावर. ती हलून परत जागेवर येऊन बसलेली असायची, तेवढ्यात हा दारातसुद्धा पोचलेला नसायचा. मदतीला एक माणूस असता तर आज पुस्तकात कदाचित त्याचं नाव असतं.

बाकीचेही काही लांब नव्हते. अरागोला दिसलं होतं की तांब्याची चकती फिरवली की तिच्यावर टांगलेली चुंबकसुई पण फिरायला लागते, आता तांब्याला तर चुंबक चिकटतही नाही. चकतीत प्रवर्तनाने धारा तयार होत होत्या, पण तेव्हा हे कोणालाच सांगता येईना. अँपिअरलाही १८२२ मध्ये असाच परिणाम एकदा दिसून गेला होता, पण त्याचं डोकं दुसऱ्याच प्रश्नात होतं, सोडून दिलं त्याने.

२९ ऑगस्ट १८३१, लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन. लोहाराचा मुलगा, बुकबाइंडिंग शिकलेला, गणित जवळजवळ शून्य असलेला फॅरेडे. त्याने बाहेरून ६ इंच व्यासाची मऊ लोखंडाची रिंग घेतली, एका अर्ध्या भागावर तांब्याची तार गुंडाळली, समोरच्या अर्ध्या भागावर दुसरी तार, तेव्हा इन्सुलेशनवाली तार विकत मिळत नव्हती म्हणून वेढ्यांच्या मधे सुतळी आणि थरांच्या मधे कापड. दुसऱ्या तारेची दोन्ही टोकं एका लांब तारेने जोडली आणि ती तार साधारण ३ फुटांवरच्या चुंबकसुईवरून नेली. पहिलीला बॅटरी जोडली. सुई हलली, डुलली आणि परत होती तिथे येऊन थांबली. बॅटरी काढली, पुन्हा झटका. मधल्या वेळात, बॅटरी जोडलेली असताना, काहीच नाही.

हा झटका म्हणजे कनेक्शनची गडबड असं म्हणून सोडून देता आलं असतं. फॅरेडेने सोडलं नाही. १७ ऑक्टोबरला त्याने पोकळ कॉइलमध्ये नुसता दांडचुंबक सरकवून बघितला: आत जाताना सुई एकीकडे, बाहेर काढताना दुसरीकडे, आणि चुंबक आत ठेवून दिला की शून्य. म्हणजे नुसतं चुंबकीय क्षेत्र असून भागत नाही, ते बदलत राहायला लागतं. परीक्षेत ‘कॉइलमध्ये चुंबक ठेवल्यास धारा निर्माण होते’ असं लिहून मार्क घालवणारी पोरं दरवर्षी असतात, त्यांनी मनाला लावून घेऊ नये, सगळं युरोप अकरा वर्षं हेच उत्तर लिहीत होतं.

अमेरिकेत जोसेफ हेन्रीलाही हे स्वतंत्रपणे सापडलं होतं, पण छापून यायला १८३२ उजाडलं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये पिक्सीने हाताने फिरवायचा जनरेटर बनवला, कॉइलसमोर नालचुंबक गरगर फिरणार. त्यातून येणारी धारा दर अर्ध्या फेरीला उलटी व्हायची, आणि बॅटरीची सवय झालेल्यांना हा मशीनचा दोषच वाटला. मग अँपिअरच्या सल्ल्याने त्याला कम्युटेटर, म्हणजे दर अर्ध्या फेरीला जोडणी उलटवणारा भाग, बसवून धारा एकाच दिशेची केली. तो ‘दोष’ म्हणजे एसी (दिशा बदलत राहणारी धारा), आज घरच्या सॉकेटमध्ये येते तीच, ५० हर्ट्झ, सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणारी. ती अशी बदलत राहते म्हणून तर विजेचा दाब कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर चालतो, आणि ट्रान्सफॉर्मर म्हणजे फॅरेडेची ती दोन तारा गुंडाळलेली रिंगच.