कंपोस्ट आणि पाल्याचा ड्रम

जळगावात आमच्या गच्चीवरची वांगी बघून प्रत्येक जण एकच विचारतो, ‘कचऱ्यातच लावली ना?’ हो म्हटलं तरी चूक, नाही म्हटलं तरी चूक. कंपोस्ट आणि पाल्याचा ड्रम (कुंडीऐवजी वाळका पाला भरलेला ड्रम) दोन्हींत स्वयंपाकघरातली तीच सालं जातात, त्यामुळे हा घोळ.

कंपोस्ट म्हणजे कुजून झालेला माल. काळपट, भुसभुशीत, पहिल्या पावसासारखा वास. त्यात कांद्याचं साल ओळखू आलं तर ते अजून कच्चं आहे. हे खत तीन घमेली मातीला एक घमेलं, इतकंच. पहिल्या वर्षी हावरटपणाने मी कुंडी नुसत्या कंपोस्टने भरली. क्षार जास्त झाले, मिरचीची पानं कडेने करपली.

ड्रममध्ये मात्र कुजणं चालू असतानाच रोप लावायचं. तळाला भोकं, त्यावर केळीच्या खोडाचे तुकडे (आपल्याकडे फुकट मिळतात, आणि पाणी धरून ठेवतात), मग कडुनिंबाचा वाळका पाला पायाने दाबून. मधेमधे ओल्या कचऱ्याचा पातळ थर आणि शेणाचं पाणी. वाळका पाला कुजवताना जिवाणू नत्र स्वतःच ओढून घेतात आणि रोप पिवळं पडतं, म्हणून शेणाचं पाणी टाळू नका. उलट ओला कचरा जास्त झाला तर ढीग ५५-६० अंशांपर्यंत तापतो, मुळं शिजतात. म्हणून भरल्यावर दोनेक आठवडे थांबायचं, आत हात घालून बघायचं. गार लागलं की मधोमध खड्डा करून दोन ओंजळी माती-कंपोस्ट टाकायचं आणि त्यात रोप लावायचं.

जूनमध्ये गळ्यापर्यंत भरलेला ड्रम दिवाळीपर्यंत बराच खाली बसतो. घाबरू नका, वरून पाला टाकत राहा.

आपली काळी माती शेतात सोनं, पण कुंडीत पावसाळ्यात चिखल आणि मे महिन्यात भेगा. शिवाय स्लॅबवर तिचं ओझं. म्हणून महिनोनमहिने उभं राहणारं भरताचं वांगं मी ड्रममध्येच लावतो. मेथी-कोथिंबिरीला ड्रम नको. बी पाल्याच्या फटींत खाली जातं. त्यांना माती-कंपोस्टचा ट्रे.

थंडीत भरीत झालं की वांग्याची करपलेली सालं ड्रममध्येच जातात. वांगी भाजलेल्या पऱ्हाट्यांची (कपाशीच्या वाळक्या काड्यांची) राख मात्र चिमूटभरच टाकतो. ती अल्कधर्मी, आणि आपली काळी माती आधीच त्या अंगाची.