लाइट रेल आणि मालगाडी एकाच रुळावर: एफआरएकडे सूट कशी मागायची, कोणी मागायची आणि फाईलमध्ये काय काय लागतं

अमेरिकेत एखाद्या शहराला लाइट रेल, म्हणजे ट्रामसारखी हलकी शहरी रेल्वे, हवी असते, नवीन रूळ टाकायला पैसा आणि जागा दोन्ही नसतं आणि शेजारीच मालगाडीची जुनी लाइन असते, दिवसाला एखाद-दोन गाड्या जाणारी. मग साहजिकच वाटतं की तीच वापरूया. वापरता येते, पण त्यासाठी फेडरल रेलरोड ॲडमिनिस्ट्रेशनकडे, म्हणजे एफआरएकडे, वेव्हरचा म्हणजे नियमातून सूट मिळण्याचा अर्ज करावा लागतो, आणि हा अर्ज बऱ्याच जणांना नुसतं कागदी काम वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सूट लागते कशाला ते आधी बघू. एफआरएचा नेहमीच्या पॅसेंजर डब्यासाठी नियम असा की टोकाकडून ८,००,००० पौंड म्हणजे साधारण ३६३ टन दाब दिला तरी डब्याचा सांगाडा कायमचा वाकता कामा नये. लाइट रेलचा डबा रस्त्यातून वळत जाणारा, पटकन थांबणारा आणि हलका, तो या आकड्याच्या जवळपासही जात नाही. समोर मालगाडीचं इंजिन आलं तर काय होईल ते सांगायला नको. कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थला १२ सप्टेंबर २००८ ला लोकल आणि मालगाडी समोरासमोर धडकल्या, लोकलचं स्वतःचंच इंजिन मागे ढकललं जाऊन पहिल्या डब्यात घुसलं, २५ माणसं गेली. आणि ती तर जड रेल्वेची गाडी होती, लाइट रेल नव्हती. त्यामुळे एफआरएच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो, हलका डबा आणि जड गाडी एकाच वेळी एकाच रुळावर येऊ शकतात का? याचं उत्तर पक्कं असेल तर बाकीची फाईल जमते.

आता हा अर्ज कोणाला लागतो. जी लाइट रेल शहरातल्या शहरात स्वतःच्याच रुळावर फिरते आणि देशाच्या रेल्वे जाळ्याला कुठेच जोडलेली नाही ती एफआरएच्या कक्षेत येत नाही, तिच्यावर राज्याची सेफ्टी ओव्हरसाइट एजन्सी लक्ष ठेवते आणि त्या एजन्सीचे नियम एफटीए म्हणजे फेडरल ट्रान्झिट ॲडमिनिस्ट्रेशन ठरवतं. रूळ शेअर झाला की मात्र एफआरए आलं. रूळ वेगळे पण मध्ये कुठेतरी एकमेकांना ओलांडतात, किंवा रस्त्याचं फाटक दोघांचं एकच आहे, अशा ठिकाणी एफआरए फक्त त्या जोडापुरतं बघतं. आपण नक्की कशात बसतो याची शंका असेल तर अर्जाच्या आधीच एफआरएला लेखी विचारता येतं आणि माझं मत विचाराल तर डिझाइन पक्कं व्हायच्या आधीच विचारा, कारण गाड्यांची ऑर्डर देऊन झाल्यावर उलटं उत्तर आलं की काहीच हातात राहत नाही.

अर्ज लाइट रेल चालवणारी संस्था करते, मालगाडीवाल्या रेल्वेला सोबत घेऊन दोघांनी मिळूनही करता येतो, आणि मिळून केलेलाच बरा. रात्री रूळ कोणाच्या ताब्यात यावर दोघांच्या सह्या नसतील तर नंतर वाद होतातच.

एफआरएने २००० साली याचं धोरण लेखी जाहीर केलं, ते फेडरल नियमावलीच्या भाग २११ च्या परिशिष्टात आहे, अर्ज लिहायला बसायच्या आधी ते एकदा पूर्ण वाचाच. त्यात दोन वाटा स्पष्ट दिसतात. एक म्हणजे वेळेने वेगळं करणं, दिवसा लाइट रेल आणि रात्री मालगाडी, दोन्ही एकत्र कधीच नाही. ही वाट चालू शकते हे सॅन डिएगो, सॉल्ट लेक सिटी यांनी दाखवलंय, न्यू जर्सीत कॅम्डेन ते ट्रेन्टन धावणारी रिव्हर लाइन २००४ ला सुरू झाली तीही याच पद्धतीने. दुसरी वाट म्हणजे दोन्ही एकाच वेळी चालवणं, आणि तिथे सुरक्षित आहे हे सिद्ध करायचं सगळं ओझं अर्जदारावर, ते फार जड आहे. जर्मनीत कार्ल्सरूहला १९९२ पासून ट्राम मुख्य रेल्वेच्या रुळावर जाते हे उदाहरण सगळे देतात, पण तिथली सिग्नल यंत्रणा वेगळी, मालगाड्या वेगळ्या, नुसतं ते नाव लिहून इथे काम होत नाही.

फाईलमध्ये काय काय लागतं? कुठल्या नियमातून सूट हवी ते कलमासकट, सूट कुठल्या गाड्यांना आणि कुठून कुठपर्यंतच्या लाइनला, का हवी, त्याचा खर्च आणि फायदा किती, आणि सुरक्षेची माहिती. शिवाय लाइनचं वर्णन, सिग्नल, फाटकं, दोन्ही गाड्यांच्या वेळा, डब्याच्या मजबुतीची माहिती, सिस्टिम सेफ्टीचा प्लॅन आणि राज्याची एजन्सी कशावर लक्ष ठेवणार ते. सरसकट सगळ्यातून सूट मागू नका, ती मिळत नाही. डब्याची मजबुती, इंजिनाचे नियम, ड्रायव्हरच्या लायसन्सचे नियम यातून सूट मिळायची शक्यता चांगली असते, पण शेअर केलेल्या रुळाची तपासणी, तिथले सिग्नल आणि रस्त्याची फाटकं यात एफआरए सहसा हात सैल सोडत नाही, आणि बरोबरच आहे ते, रूळ तुटला तर त्याला काय कळतंय वरून कोण चाललंय.

सगळ्यात जास्त वेळ ज्याला द्यायला हवा तो भाग म्हणजे वेळेची विभागणी प्रत्यक्षात कशी पाळणार. बरेच जण तिथे नुसतं टाइमटेबल जोडतात, तेवढ्याने भागत नाही. टाइमटेबल कागदावर असतं, मालगाडीला थांबवतं ते लोखंड. म्हणजे कुलूप लावलेले सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे), सिग्नलशी जोडलेलं इंटरलॉकिंग (सांधे आणि सिग्नल एकमेकांविरुद्ध लागू न देणारी यंत्रणा) आणि डिरेल. डिरेल म्हणजे रुळाच्या माथ्यावर बसवलेला जड लोखंडी ठोकळा, चुकून सुटलेल्या वॅगनचं चाक त्यावर चढलं की ते रुळावरून बाजूला ढकललं जातं आणि वॅगन तिथेच जमिनीवर उतरते. नुकसान होतं, पण पुढे माणसांनी भरलेल्या डब्यापर्यंत ती पोचत नाही. रात्री हस्तांतर कसं होणार ते मिनिटामिनिटाने लिहा, शेवटची लाइट रेल आत आली, कंट्रोलरने एकूण एक डबा मोजून घेतला, मग कुलूप सुटलं आणि मगच मालगाडीला परवानगी गेली. सकाळी हेच उलट्या क्रमाने, आणि सायडिंगला म्हणजे बाजूच्या रुळावर उभी राहिलेली वॅगन डिरेलच्या मागेच आहे हे कोणीतरी स्वतःच्या डोळ्यांनी बघून नोंद केली पाहिजे. ते कोण बघणार त्याचा हुद्दाही लिहा. मालगाडी मध्येच बिघडून पहाटेपर्यंत अडकली तर काय, हा प्रश्न येणारच, तेव्हा उत्तर आधीच लिहून ठेवा.

सूट ज्या तारखेपासून हवी तिच्या किमान ३ महिने आधी अर्ज द्यावा लागतो, पण ३ महिन्यांत उत्तर येईल असं धरू नका, एफआरएच्या रेलरोड सेफ्टी बोर्डाला निर्णयासाठी ९ महिन्यांची मुदत आहे. मध्ये फेडरल रजिस्टरमध्ये म्हणजे तिथल्या सरकारी राजपत्रात नोटीस निघते, लोकांना मतं मांडता येतात, कामगार संघटनाही मांडतात आणि त्यांचं नीट वाचा, रुळावर रात्री उभी राहणारी माणसं तीच आहेत. सुनावणीही होऊ शकते. निर्णयाची कसोटी दोनच गोष्टींची, सूट लोकहिताची आहे का आणि रेल्वेच्या सुरक्षेशी सुसंगत आहे का. नकार आला तर फेरविचाराचा अर्ज करता येतो.

दोन्ही गाड्या एकत्र चालवायच्याच असतील तर तिसरा रस्ता डब्याचा आहे. टेक्सासमधल्या डेंटन काउंटीच्या गाड्यांना २०१२ मध्ये पर्यायी मजबुतीच्या चाचण्यांवर परवानगी मिळाली, नुसता दाब सोसण्याऐवजी धडकेची ऊर्जा डब्याची पुढची बाजू कशी शोषते ते बघून, आणि २०१८ मध्ये तो पर्याय नियमातच आला. महाग आहे, पण रात्रीची गाडी बंद करावी लागत नाही.

आणि वेळेची विभागणी निवडली तर ही गोष्ट लोकांना पहिल्याच बैठकीत सांगा. मालगाडीला रात्र दिली म्हणजे शेवटची लाइट रेल लवकर जाणार. रिव्हर लाइनवर सुरुवातीची बरीच वर्षं आठवड्याच्या दिवशी रात्री १० च्या सुमारास सेवा थांबायची, आणि सेकंड शिफ्ट सुटणाऱ्या माणसाला तेव्हाच गाडी हवी असते.