मसाला दळायला आणताना : सुकी मासळी आणि जुन्या गोण्या

उन्हाळा लागला की आमच्या गिरणीत दोन्ही माल एकदमच येतो, वर्षाचा मसाला आणि पावसाळ्याच्या बेगमीची सुकट, सोडे, बोंबील. त्यामुळे "यंत्र रिकामं दिसतंय, मग आमचा मसाला आज का घेत नाही?" हा प्रश्न काउंटरवर रोज येतो. त्याचं हे उत्तर.

मासळीची अ‍ॅलर्जी होते ती तिच्यातल्या प्रथिनांमुळे. माशांत मुख्यतः पार्व्हाल्ब्युमिन, कोळंबी-जवळ्यात ट्रोपोमायोसिन. वाळवलं, भाजलं, तळलं तरी ही प्रथिनं टिकतात. म्हणून "मसाला भाजीत शिजणारच आहे" असं म्हणून भागत नाही. ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याला चिमूटभर पूडही पुरते. अंगावर गांध्या उठतात, ओठ आणि घसा सुजतो, कधी श्वास कोंडून जिवावर बेततं.

सगळ्यात जास्त वेळ खातात त्या जुन्या गोण्या. गेल्या वर्षी ज्या गोणीतून जवळा आणला, तीच झटकून तिच्यात धणे-मिरची भरून आणतात. वास येत नाही म्हणून स्वच्छ वाटते. पण विणीत अडकलेली पूड, गोणी हॉपरवर (यंत्राच्या माल ओतायच्या तोंडावर) उपडी करताच, धण्यांबरोबर आत जाते. मग पल्व्हरायझर, म्हणजे दळायचं यंत्र, खोलायचा, चाळण आणि धुळीची पिशवी काढायची, पूड व्हॅक्यूमने ओढून घ्यायची. हवेचा झोत आम्ही मारत नाही, त्याने ती खोलीभर उडते. नंतर कोमट पाणी आणि डिटर्जंट. सुरुवातीलाच उकळतं पाणी ओतलं तर प्रथिन पत्र्याला चिकटून बसतं. नुसतं सॅनिटायझर मारूनही चालत नाही, त्याने जंतू मरतात, प्रथिन तिथंच राहतं. यंत्र खडखडीत सुकलं आणि मासळीचं प्रथिन उरलं का ते दाखवणारी पट्टीवरची चाचणी साफ आली की मगच पुढचा घाणा. यात अर्धा दिवस जातो आणि रांगेतल्या सगळ्यांचा माल अडतो.

म्हणूनच मासळीचा माल आम्ही फक्त शनिवारी घेतो आणि रविवारी धुलाई करतो. "शेवटच्या घाण्यात मूठभर सोडे टाका ना" ही विनंती इतर दिवशी मान्य होणार नाही, ग्राहक कितीही जुने असले तरी.

विक्रीसाठी माल करून घेणाऱ्या बचत गटांनी लेबलकडेही लक्ष द्यावं. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) 2020 च्या लेबलिंग नियमांत मासे आणि क्रस्टेशियन (कोळंबी, जवळा, खेकडे) हे वेगवेगळे अ‍ॅलर्जन, म्हणजे अ‍ॅलर्जी आणणारे घटक, आहेत. बोंबलाच्या चटणीवर मासे, जवळ्याच्या चटणीवर क्रस्टेशियन, दोन्ही असतील तर दोन्ही लिहायचं. तयार सॉस वापरत असाल तर त्याचीही घटकयादी वाचा. वूस्टरशायर सॉसमध्ये बहुधा अँकोव्ही मासा असतो, आणि मग शाकाहाराचा हिरवा ठिपकाही छापता येत नाही. "अंश असू शकतो" एवढं छापून धुलाई टाळा, असं काही जण सुचवतात. आम्ही ते करत नाही. त्याने अ‍ॅलर्जी असलेलं गिऱ्हाईक तुमच्या मसाल्यापासून विनाकारण तुटतं.

नव्या गोण्या आमच्याकडे खरेदीच्या भावात मिळतात. लेबलचा मजकूर छपाईआधी दाखवलात तर मोफत तपासून देतो. गोणीबद्दल शंका असेल तर माल आत नेण्याआधी गेटवरच सांगा.