चामखिळीवर काजूचे तेल नको

म्हापशाच्या बाजारात मासळी कापणाऱ्या एका बाईंच्या तर्जनीवर, नखालगत, वाटाण्याएवढी चामखीळ होती. वरचा भाग फुलकोबीच्या तुऱ्यासारखा खरबरीत, त्यावर सुकलेले पापुद्रे, आणि नीट पाहिल्यास मोहरीहून बारीक काळे ठिपके. काजूच्या हंगामात त्यांनी तिच्यावर कवचाचे तेल लावले होते. बोट भाजले, चामखीळ राहिली आणि भाजलेल्या कडेने नव्या तीन उगवल्या.

ते काळे ठिपके म्हणजे चामखिळीची मुळे, असा समज घरोघरी आहे. प्रत्यक्षात त्या रक्त साकळलेल्या सूक्ष्म केशवाहिन्या असतात. चामखिळीला मूळ नसतेच. ती त्वचेच्या वरच्या थरातच वाढते. ह्युमन पॅपिलोमा विषाणूमुळे तिथल्या पेशी भराभर वाढून कातडी जाड होते. 1907 साली जुझेप्पे चुफ्फो या इटालियन डॉक्टरांनी चामखिळीचा गाळून पेशी काढून टाकलेला अर्क स्वतःच्या हातात टोचून घेतला आणि तिथे चामखीळ उगवली, तेव्हा हा संसर्ग असल्याचे सिद्ध झाले. ओली, मऊ पडलेली, काट्याने ओरखडलेली त्वचा विषाणूला सहज वाट देते, म्हणूनच मासळी आणि मांस हाताळणाऱ्यांच्या हातांवर चामखिळी अधिक दिसतात.

काजूच्या कवचातले तेल बिब्ब्याच्या तेलाचे सख्खे भावंड आहे; दोन्ही झाडे एकाच कुळातली. ते विषाणूला वेचून मारत नाही, भोवतालची निरोगी कातडीही जाळते, आणि त्या जखमेत विषाणू पसरतो. ब्लेडने कापणे किंवा दोरा बांधणे यांतही हाच धोका आहे.

त्यातल्या त्यात भरवशाचा घरगुती उपाय सॅलिसिलिक आम्लाचे औषध हाच आहे. रोज रात्री चामखीळ कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे भिजवावी, मऊ झालेला थर टाच घासायच्या वजरीने हलकेच घासावा, भोवती व्हॅसलीन लावावे आणि औषधाचा थेंब फक्त चामखिळीवर सोडावा. वजरी दुसऱ्या कुणाला देऊ नये. हे बारा आठवडे नेमाने करावे लागते. बहुतेक लोक दोन आठवड्यांत कंटाळतात, आणि माझ्या मते औषधाच्या अपयशाचे मोठे कारण तेच आहे. मुलांच्या चामखिळी मात्र पुष्कळदा दोन वर्षांत आपोआप जातात. चिवट चामखीळ डॉक्टर उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनने गोठवतात.

तळपायावर कुरूप आणि चामखीळ यांची गल्लत होते. कुरुपावर त्वचेच्या रेषा सलग जातात आणि ते सरळ दाबल्यावर दुखते. चामखिळीवर रेषा तुटतात आणि ती दोन्ही बाजूंनी चिमटल्यावर अधिक दुखते.

मधुमेह्यांनी पायावर, तसेच कुणीही चेहऱ्यावर किंवा गुप्तांगावर सॅलिसिलिक आम्लाचे औषध स्वतःहून लावू नये. उतारवयात उन्हाने रापलेल्या त्वचेवर उठलेला खवलेदार चट्टा, रक्त येणारी, रंग बदलणारी किंवा झपाट्याने वाढणारी गाठ ही चामखीळ समजून घरी ठेवू नये. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे ती लगेच दाखवावी.